गणित सहावीचं, वर्ग चौथीचा: एका मुलीच्या वेगाचा प्रश्न शाळेने कसा हाताळला

या मुलीला मी इथे रेवा म्हणते. तिचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईवडिलांनी हे लिहायला परवानगी दिली, रेवानेही दिली. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते आणि या प्रकरणात सुरुवातीपासून होते. त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याच माझ्याही आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. इमारत एकच, पण पहिली ते चौथी सकाळच्या सत्रात, सात वीस ते बारा. पाचवी ते दहावी दुपारी, सव्वाबारा ते सव्वापाच. प्राथमिकला वेगळ्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि माध्यमिकला वेगळे मुख्याध्यापक. सत्रांचा हा तपशील लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच अडलं आणि त्याच्यामुळेच सुटलं.

रेवा तेव्हा तिसरीत होती, वय आठ. आई अंगणवाडी सेविका, वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरात आजी. आणि सव्वा वर्षाने मोठा दादा, जो त्याच शाळेत चौथीत होता.

आईच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते रेवा साडेचार वर्षांची असताना. पोषण आहाराच्या नोंदवहीतली बेरीज चुकलीय हे शेजारी बसलेल्या रेवाने सांगितलं होतं. आईने तेव्हा कौतुक केलं आणि विषय सोडला. अंगणवाडीत वर्षानुवर्षं मुलं पाहिलेल्या बाईला आपल्या पोरीबद्दल लगेच काही बोलायचा संकोच वाटतो, हे मी समजू शकते.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर रेवाचं सकाळी पोट दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही. गृहपाठ अर्धवट, वहीच्या समासात चित्रं, आणि वर्गशिक्षिकेचा निरोप: मुलगी उलट उत्तरं देते.

ते उलट उत्तर काय होतं? बाई हातच्याची वजाबाकी शिकवत होत्या. “लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही,” असं त्या म्हणाल्या. रेवा उभी राहिली आणि म्हणाली, “होते बाई. विहिरीतलं पाणी जमिनीच्या खाली असतं ना, तसं शून्याच्या खाली जायचं.” वर्ग हसला. बाईंना वाटलं, आपल्याला खोटं पाडलं. त्यांनी तिला खाली बसवलं आणि पुढचे काही दिवस तिचा वर केलेला हात पाहिलाच नाही.

बाईंची बाजूही सांगायला हवी. वर्गात बेचाळीस मुलं. त्यांतल्या दहाबारा जणांना दोन अंकी वजाबाकी अजून येत नव्हती. बाईंचा सगळा जीव त्या दहाबारांत अडकलेला, आणि तो तिथेच अडकायला हवा होता. रेवाचं काम लवकर झालं की त्या तिला आणखी दहा गणितं देत, किंवा शेजारच्या मुलाला शिकवायला सांगत. पहिल्याने रेवाला कळलं की लवकर संपवलं की शिक्षा मिळते. दुसऱ्याने ती बिनपगारी शिक्षिका झाली. मग तिने सावकाश करायला सुरुवात केली, आणि पुढे करायचंच सोडून दिलं.

तपासणीत काय दिसलं

आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात शहरातल्या एका दवाखान्याचा अहवाल होता. बुद्ध्यंक १५६. वडिलांनी तो आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून झाला होता.

मला त्या आकड्यावर बैठक चालवायची नव्हती. ती चाचणी बिने-कामत होती. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून कामतांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. आपल्या भाषेत काम व्हावं म्हणून झालेलं ते मोठं काम आहे, पण मानकं, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात ती त्या वयाच्या मुलांची सरासरी, जुनी झाली की आकडे फुगतात. नागपुरात मालिन यांनी मुलांसाठी बसवलेल्या चाचणीचीही मानकं आता जुनीच म्हणायची. मुलगी हुशार आहे एवढं अशा आकड्यातून कळतं. तिला कोणत्या इयत्तेचं काय येतं, ते कळत नाही. आणि शाळेला नेमकं तेच विचारायचं असतं.

म्हणून मी वरच्या इयत्तांचे पेपर दिले. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७० च्या दशकात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची गणिताची परीक्षा देऊन हेच पाहिलं होतं. स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवणारी दोन मुलं सारखीच दिसतात. वरचा पेपर दिला की त्यांच्यातलं अंतर दिसतं. आम्हाला त्यासाठी काही विकत आणावं लागलं नाही. शाळेच्या कपाटातले मागच्या वर्षीचे पेपर पुरले.

चौथीच्या गणितात तिला ५० पैकी ४७. पाचवीच्या गणितात ५० पैकी ४१. गेलेले गुण जवळपास सगळे कोनमापक आणि दशांश अपूर्णांक यांतले, म्हणजे जे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. सहावीच्या पेपरात अडखळली, तरी समीकरणं तिने नुसत्या तर्काने सोडवली होती.

मराठीत चित्र वेगळं निघालं. वाचन पाचवीच्या मुलासारखं, पण लिखाण तिसरीचंच, किंबहुना थोडं मागे. अक्षर मोठं, वेग कमी. निबंधाच्या आठ ओळी लिहून हात दुखायचा. पुढे सगळा निर्णय ज्यावर फिरला, त्या गोष्टींत ही एक होती.

समोर असलेले पर्याय

फेब्रुवारीत बैठक झाली. मोठ्या बाई, वर्गशिक्षिका, माध्यमिकचे गणिताचे सर, रेवाचे आईवडील आणि मी. रेवा नव्हती.

वडिलांची मागणी स्पष्ट होती: चौथी गाळा, जूनमध्ये थेट पाचवीत बसवा. त्यांच्या डोक्यात आणखी पुढचंही होतं. कोणीतरी सांगितलं होतं की शाळेतून काढून मुक्त विद्यालयातून बाराव्या वर्षी दहावी होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला किमान वय १४ आहे हे सांगितल्यावर तो मुद्दा मिटला. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेचं नाव आईने काढलं. प्रज्ञावान मुलांसाठी १९६९ पासून चालणारी ती शाळा, पण तिथला प्रवेश पाचवीला, आणि पुण्यात राहायचं कुणाकडे? नवोदयचा प्रवेश सहावीला. दोन्ही दारं पुढे उघडणारी होती. पोट आत्ता दुखत होतं.

एक इयत्ता गाळण्याचा पर्याय मी मनापासून तपासला, कारण त्याबद्दल आपल्याकडे नुसती भीती आहे. नीट निवडलेल्या मुलांचं त्याने बहुधा भलं होतं, नुकसान होत नाही, असंच यावरचं संशोधन सांगतं. वरच्या वर्गात टाकलं की मूल एकटं पडतं हे सरसकट खरं नाही. आपल्या वर्गातही ते एकटंच असू शकतं. पण कुणाला पुढे न्यावं हे ठरवण्यासाठी जी आयोवा मापनश्रेणी वापरतात, तिच्यात काही गोष्टी सरळ नकाराच्या मानल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे भावंड. मूल ज्या वर्गात जाणार तिथे त्याचं सख्खं भावंड असेल, तर गाळू नये.

जूनमध्ये पाचवीत कोण जाणार होतं? दादा.

हे मी बैठकीत बोलले तेव्हा वडील गप्प झाले. आई म्हणाली, “मी हे कधीचं मनात धरून आहे. पण मुलगा आहे म्हणून त्याच्यासाठी पोरीला मागे ठेवतेय असं कुणी म्हणेल, म्हणून बोलले नाही.” मला अजूनही वाटतं की त्या दीड तासातलं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं. मी तिला सांगितलं की बहिणीने भावाला मागे टाकणं हा प्रश्नच नाही. मोठी बहीण आणि धाकटा भाऊ असता तरी मी हेच म्हटलं असतं. एका घरातली दोन मुलं एकाच बाकांच्या रांगेत, एकाच निकालाच्या दिवशी, रोज मोजली जातात. त्यात हरणारा तर दुखावतोच, जिंकणाराही घरी येऊन आपलं जिंकणं लपवायला शिकतो.

दुसरी अडचण कागदाची. मोठ्या बाईंनी केंद्रप्रमुखांना, म्हणजे शिक्षण खात्याच्या आमच्या भागातल्या अधिकाऱ्यांना, आधीच विचारून ठेवलं होतं. उत्तर तोंडी आलं: प्रस्ताव पाठवा, वरती विचारू. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वयानुरूप वर्गाबद्दल बोलतं, पण ते शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घेण्यासाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांना जादा समृद्ध काम, छंदमंडळं, ऑलिंपियाड यांतून पुढे न्या असं म्हटलंय. इयत्ता कशी गाळायची याची वाट त्यात आखून दिलेली नाही. जनरल रजिस्टर, ऑनलाइन नोंद, पुढे शाळा सोडल्याचा दाखला, सगळीकडे चौथी रिकामी दिसली असती. मोठ्या बाई घाबरत नव्हत्या, पण जूनपर्यंत उत्तर येईल याची खात्री त्यांना नव्हती.

मग गणिताचे सर बोलले. तोवर ते रेवाचे पेपर चाळत बसले होते. “हिला फक्त गणितात घाई आहे ना? मग गणितालाच पाठवा माझ्याकडे. इयत्ता बदलायला परवानगी लागते. वेळापत्रक तर आपलंच आहे.”

विषयापुरतं पुढे नेणं हा पर्याय माझ्या यादीत होता, पण सकाळ-दुपार सत्रांमुळे मी त्यावर काट मारली होती. चौथीतली मुलगी सकाळी शाळेत, सहावी दुपारी. सरांनी त्याच अडचणीतून वाट काढली: सहावीचा पहिला तास साडेबाराला. रेवाची शाळा बाराला सुटते. तीन दिवस ती थांबेल.

निर्णय, आणि तिला उशिरा विचारलेला प्रश्न

बैठकीनंतर दोन दिवसांनी मी रेवाला भेटले. खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. मी तिला दोन्ही पर्याय सांगितले. तिचा पहिला प्रश्न होता, “पाचवीत गेले तर शिवाजी महाराजांचं पुस्तक येणार नाही ना?”

चौथीचा परिसर अभ्यास भाग २ म्हणजे शिवछत्रपती. दादाचं खाकी कव्हर घातलेलं पुस्तक तिने दोनदा वाचून काढलं होतं. पण वर्गात ते वाचायचं, अफजलखानाच्या धड्याला सगळ्यांनी श्वास रोखायचा, आणि चौथीच्या सहलीला प्रतापगडावर जायचं, याची ती पहिलीपासून वाट पाहत होती. आम्ही सहा मोठी माणसं दीड तास चर्चा करत होतो आणि चौथी गाळणं म्हणजे एका मराठी मुलीचं काय गाळणं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मग ती म्हणाली, “गणित मोठं पायजे. वर्ग माझाच पायजे.” इतक्या नेमक्या शब्दांत आमच्यापैकी कुणीच प्रश्न मांडला नव्हता.

आणखी एक छोटा निर्णय तुकडीचा होता. सहावी अ सेमी, म्हणजे गणित इंग्रजीतून. सहावी ब पूर्ण मराठी. वडिलांचा कल अ कडे. आम्ही ब घेतली. तिला नवं गणित शिकायचं होतं, त्याच वेळी भाषेशी झगडायला लावायचं कारण नव्हतं. इंग्रजी शब्द नंतर एका उन्हाळ्यात शिकता येतात, आणि तिने ते शिकलेही.

प्रत्यक्षात काय केलं

मार्च ते जून पाचवीचं पुस्तक पालथं घालायचं नाही, फक्त भोकं बुजवायची असं ठरलं. कोनमापक, दशांश आणि अपूर्णांकांची मांडणी. शनिवारी सरांचा एक तास, बाकी घरी आईबरोबर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार ती सहावी ब मध्ये बसू लागली. त्या तीन दिवसांत सकाळच्या गणिताच्या तासाला तिने चौथीच्या वर्गात बसून लेखनाचं काम करायचं: रोज अर्धं पान, विषय तिचा. ज्यात ती मागे होती त्याला वेळ यातून मिळाला. चौथीच्या संकलित चाचण्या ती वर्गाबरोबरच देणार, म्हणजे प्रगतिपुस्तकात चौथीचेच गुण. त्यामुळे कोणत्याही नोंदीला हात लागला नाही आणि कुणाची परवानगी लागली नाही.

बारा ते साडेबाराचा प्रश्न उरला. शाळेच्या रिक्षा बारा दहाला जातात. सकाळची खिचडी कधीच जिरलेली. पहिले काही दिवस ती व्हरांड्यात एकटी बसून कोरडा डबा खायची, आणि तिच्या मैत्रिणींना वाटलं तिला शिक्षा झालीय. तोडगा घरातूनच निघाला. दादा आता पाचवीत, म्हणजे दुपारच्या सत्रात. तो बाराला घरून येताना तिचा गरम डबा आणू लागला, आणि प्रार्थना होईपर्यंत दोघं एकत्र बसायची. तास संपला की ती ग्रंथालयात, दीडला आई अंगणवाडी उरकून घ्यायला यायची.

जुलैअखेर पहिली घटक चाचणी. रेवाला २० पैकी ९. आयुष्यात पहिल्यांदा. तिने पेपर दप्तराच्या तळाशी लपवला आणि दोन दिवस गणिताला गेली नाही. पेपर पाहिला तर उत्तरं बहुतेक बरोबर, पायऱ्या एकही नाहीत. सरांनी तिला बोलावून एवढंच सांगितलं: “उत्तर तुला दिसतं गं, मला दिसत नाही. मी आंधळा आहे असं समज आणि मला हाताला धरून तिथपर्यंत ने.” पुढच्या चाचणीत १५. सहावीच्या मुलींपैकी एकीने तिला समास आखायला शिकवला, ज्याचा तिला गणितापेक्षा जास्त आनंद झाला.

पूर्णांक संख्यांचं प्रकरण आलं तेव्हा सरांनी विहिरीपासून सुरुवात केली. ती गोष्ट त्यांना वर्गशिक्षिकेने सांगितली होती. त्याच बाई, ज्यांनी तिला खाली बसवलं होतं. त्या दुपारी त्या घरी न जाता सहावी ब च्या दारात उभ्या होत्या.

कुठे बिनसलं

दिवाळीच्या तोंडावर सरांची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. चौथीतली मुलगी वर्गात दिसल्यावर त्यांनी तिला बाहेर पाठवलं, आणि ते त्यांच्या जागी योग्यच होतं. रेवा निमूट ग्रंथालयात जाऊन बसली. असं दोन आठवडे चाललं. आईला वाटत होतं तास चालू आहे. दादाला माहीत होतं, पण रेवाने त्याला सांगू नको म्हटलं होतं. पुन्हा पोट दुखायला लागलं तेव्हा आम्हाला कळलं.

सगळी व्यवस्था एका चांगल्या माणसाच्या शब्दावर उभी होती. कागदावर एक ओळ नव्हती. मी एवढ्या शाळांतून फिरते, मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही एक पान लिहिलं: कोणत्या दिवशी कोणता तास, चाचण्या कोणत्या, सकाळी त्या वेळात काय काम, अडचण आली तर मुलीने कुणाकडे जायचं, आढावा कधी. दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या. एक प्रत वेळापत्रकाच्या फायलीत, एक रेवाच्या दप्तरात. नव्या मॅडमनी ते वाचलं आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं.

निष्पत्ती

वर्षाअखेर सहावीच्या गणितात तिला ५० पैकी ३८. चौथीत सगळ्या विषयांत उत्तम, आणि लिखाण वर्गाच्या बरोबरीला आलं. प्रतापगडची सहल झाली. सकाळचं पोट दुखणं, मधले ते दोन आठवडे सोडले तर, परत आलं नाही.

आता ती पाचवीत आहे, म्हणजे दुपारच्या सत्रात. वेळापत्रक लावतानाच पाचवीचा आणि सातवीचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवला, त्यामुळे थांबणं-बिंबणं उरलं नाही. दादा सहावीत. ती गणितासाठी त्याच्या वर्गाच्या पुढे जाते, पण त्याच्या वर्गात कधीच बसत नाही. हे मुद्दाम आहे.

आज काय वेगळं करेन

रेवाला पहिल्याच आठवड्यात विचारेन. कागद पहिल्या दिवशी करेन. वरच्या वर्गात पाठवण्याआधी तिला मुद्दाम एखादं न सुटणारं गणित देईन, म्हणजे पहिलं अपयश चाचणीच्या लाल शाईतून येणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त सलतं ते दादाचं. त्याला मी सहा महिन्यांनी भेटले. तोवर आजी दोनदा म्हणून गेली होती की अक्कल चुकून धाकटीकडे गेली. तो रोज डबा आणत होता, तिचं गुपित सांभाळत होता, आणि मला त्याने पहिलंच विचारलं, “मॅडम, मी ढ आहे का?” तो ढ नाही. तो शाळेच्या कबड्डी संघात आहे, आणि सायकलचा कोणताही भाग डोळे मिटून सुटा करतो. पण हे मी त्याला आणि घराला बैठकीआधी सांगायला हवं होतं. आता वडील रविवारी त्याला डेपोत नेतात. आजीशी आईच बोलली, मी नाही, आणि तेच बरं झालं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. या चालीने रेवा आठवीत दहावीचं गणित संपवेल. शाळा दहावीपर्यंतच. नववीत तिला बसवायला वरचा वर्गच नसेल, आणि ज्युनियर कॉलेज दुसऱ्या संस्थेचं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मोठ्या बाईंचं म्हणणं, तोवर वेग थोडा आवरावा आणि खोलात जावं; सहावीची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, मग ऑलिंपियाडची गणितं, ज्यांत पुढची इयत्ता लागत नाही, विचार लागतो. मलाही ते पटतं. रेवाला अर्धंच पटलंय. पुढचा आढावा एप्रिलमध्ये आहे, आणि या वेळी ती बैठकीत बसणार आहे.